दोन तासांची तिजोरी

५ ऑक्टोबर

आली एकदाची तिजोरी. ह्यांच्याच टेम्पोतून आणली. उतरवताना गल्लीतली सगळी गडीमाणसं लागली, तरी उंबऱ्याचा कोपरा उडालाच. मधल्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आहे. हिरवी, चकचकीत, दारावर पिवळी पट्टी आणि पट्टीवर लाल अक्षरांत ‘अग्निरोधक – २ तास’. खाली आयएसआयची खूण.

प्रविण स्वतः बरोबर आला होता. हा बीडहून असा माल आणून खेड्यापाड्यांत विकतो. ह्यांच्या ओळखीतला आहे. दारावर थाप मारून म्हणाला, "वहिनी, घर जळंल, पर आतला कागद न्हाई जळायचा. लिहून देतो."

सुभद्राबाईंनी कुंकू लावलं. त्या आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष, मी सचिव. माझं घर पक्कं आणि मी बारा महिने गावात, म्हणून तिजोरी माझ्याकडे.

हे सगळं केशरबाईमुळं झालं. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. अंगावरचे डागदागिने ठेवायचे कुठं, हा बायकांचा दरवर्षीचा घोर. घरात ठेवावे तर घराला कुलूप. बरोबर न्यावे तर तिकडं कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत राहायचं. गेल्या साली केशरबाईची कोपी भर दुपारी पेटली. माणसं फडात होती म्हणून वाचली. डोरल्याचा गोळा राखेत सापडला, पण पोरीचा शाळेचा दाखला आणि जातीचा दाखला गेला, आणि त्यापायी पोरीचा हॉस्टेलचा नंबर हुकला. तेव्हापासून ती माझ्या मागं लागली होती, "उज्ज्वला, गटातून तिजोरी घिऊ. सोनं गेलं तर पुन्ना करता यील, कागुद कुठून आणू?"

आष्टीच्या बँकेत आधी विचारलं होतं. लॉकर रिकामा नाही म्हणाले.

सगळ्या खूश आहेत. मी पण. फक्त किल्ली हातात आल्यापासून ती सारखी चाचपून बघते आहे.

२६ ऑक्टोबर

आज ट्रॅक्टर भरले. सकाळपासून बायका येत होत्या. प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून पुरचुंडी बांधली, म्हणजे ओळखायला सोपी. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. कुणाचं डोरलं, कुणाची बोरमाळ, कुणाची नुसती कानातली फुलं. एकीनं मेलेल्या लेकराचा चांदीचा वाळा ठेवला. मला म्हणाली, "ह्याची किंमत काय न्हाई, पर ठिव."

केशरबाईचा सासरा, सटवा आबा, दारातच उभा होता. तो उसाला जात नाही, शेरडं राखतो. आत ये म्हटलं तर आला नाही. तिजोरीकडं बघत राहिला, मग म्हणाला, "किल्ली कुनापशी ऱ्हानार?"

"माझ्यापाशी."

"अन् दुसरी?"

मला ते विचारणं आवडलं नाही. (दुसरी सुभद्राबाईंकडे आहे.)

ट्रॅक्टर गेले तेव्हा केशरबाई वरून हात हलवत होती. गळा मोकळा. लग्नानंतर पहिल्यांदा तिला असं पाहिलं.

९ नोव्हेंबर

गाव रिकामं झालं की आवाज वाढतात. कुठं कवाड वाजलं तरी मी उठून बघते.

पेपरात आलं आहे, हायवेवरच्या एका गावात चोरांनी सराफाच्या तिजोरीचं दार गॅस कटरनं कापलं. दुकान बाजारपेठेत, आजूबाजूला वस्ती, तरी कुणाला पत्ता नाही. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. मग पेपर चुलीत घातला, म्हणजे ह्यांनी वाचू नये. का ते मलाच कळलं नाही.

किल्ली कमरेला बांधलेली असते. आंघोळीला जाताना सोडत नाही. दळणाला गेले तर अर्ध्यातून परत येते. शेजारची अंजना हसते, "तिजोरी हाय का बाळंतीण?"

हे मात्र निवांत आहेत. पाडव्याला नवा फोन घेतला आहे. प्रविणनं कुठून तरी अगदी स्वस्तात मिळवून दिला म्हणे. चांगला माणूस आहे, ओळख ठेवतो. हे दिवसभर त्या फोनवर व्हिडिओ बघतात. मी म्हटलं, मला भीती वाटते. तर म्हणाले, "लोखंड हाय ते. लोखंडाला काय हुतंय?"

२४ नोव्हेंबर

माझी लेक आरोही आली. बीडला पॉलिटेक्निकला आहे, परीक्षा संपली. मला वाटलं आता घरात बोलायला कुणी तरी झालं, भीती कमी होईल. झालं उलटंच.

जेवून झाल्यावर ती तिजोरीपाशी गेली आणि पट्टी वाचून म्हणाली, "आई, दोन तास कुणी मोजले?"

मी म्हटलं, कंपनीनं मोजले असतील.

"तसं नसतं. ह्या खुणेबरोबर कारखान्याचा एक नंबर असतो. सरकारच्या ॲपवर टाकला की निघतो." तिनं फोनवर नंबर टाकला. कारखाना निघाला. पण दुसऱ्याच राज्यातला, आणि तिथं बनतात प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या.

मी म्हटलं, नीट बघ, एखादा आकडा चुकला असेल. तिनं पुन्हा टाकला. पुन्हा टाकीच.

मग तिनं समजावून सांगितलं. खरी अग्निरोधक तिजोरी आधी भट्टीत घालून बघतात. आत तारा सोडून ताप मोजतात. सोन्याला काही होत नाही, पण कागद फार लवकर काळा पडतो; ज्या तापाला तो काळा पडतो, त्याच्या आत राहिली तरच पास. काही ठिकाणी तापलेली तिजोरी उंचावरून खाली टाकतात, कारण आगीत स्लॅब कोसळतो. चोराची परीक्षा वेगळी. त्यात हत्यारं देऊन माणसं बसवतात आणि घड्याळ लावतात.

"मग फुटत नाही ती पास?"

"न फुटणारी तिजोरी नसतेच, आई. किती वेळ टिकली तेवढंच बघतात. आणि आगीत पास झालेली चोरापुढं पास होईलच असं नाही."

हे मला आत कुठं तरी लागलं. म्हणजे चांगल्यातली चांगली तिजोरीसुद्धा फक्त वेळ काढून देते. तेवढ्यात कुणी तरी धावत यायला पाहिजे. आणि आमच्या गल्लीत आता धावत येणार कोण? म्हातारी माणसं आणि शेरडं.

२५ नोव्हेंबर

प्रविणला फोन केला. आधी गोड बोलला. "वहिनी, ॲपमध्ये कायबी दावतंय. माल एक नंबर हाय." मी म्हटलं, मग भट्टीत तपासल्याचा कागद पाठवा. तर म्हणाला, "गटाच्या बायकांना सांगितलं का तुमी?"

"नाही."

"नगा सांगू. उगं बोभाटा हुईल. तिजोरीत दम न्हाई हे गावाला कळलं, तर चोराला कळायला किती वेळ?"

खरंच आहे की. फोन ठेवला आणि मागच्या दाराची कडी लावून आले.

ह्यांना सांगितलं. हे खूप चिडले. माझ्यावर नाही, आरोहीवर. "कॉलेजात हेच शिकवत्यात का? आलेल्या वस्तूत खोट काढायची!" आणि मला म्हणाले, प्रविणला परत फोन करायचा नाही. माझ्या जिवाला घोर नको म्हणून असं बोलतात. एरवी इतके तापत नाहीत.

२६ नोव्हेंबर

हे भाडं घेऊन गेल्यावर आरोहीनं तिजोरीच्या दाराचं आतलं पत्र्याचं झाकण खोललं. साधे स्क्रू होते. मी नको नको म्हणत होते आणि कंदिलासारखा फोनचा उजेड धरून उभीही होते.

आत पांढरं दिसलं. मला वाटलं सिमेंट असेल. आरोहीनं बोटानं दाबलं तर करकरलं. थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात असतो तो. मध्ये मध्ये लाकडाचा भुसा.

दोघी खालीच बसलो. आरोही म्हणाली, "आई, हे आग थांबवणार नाही. हे स्वतःच पेटेल."

मी तिला झाकण परत लावायला सांगितलं. घट्ट लाव म्हटलं. स्क्रू आवळून झाल्यावर मी दारावरून पदर फिरवला, कुणाला हात लावल्याचं दिसू नये म्हणून. माझ्याच घरात मी चोरासारखी वागते आहे.

३ डिसेंबर

झोप नाही. गॅस बंद केला का ते परत परत बघते. देवापुढं दिवा लावते आणि विझेपर्यंत तिथंच बसते. चुलीवर पाणी तापवणं बंद केलं. आरोही परत बीडला गेली.

नवीन भीती लिहिते. सटवा आबा रोज दुपारी शेरडं घेऊन घरामागं येतो. आमच्या घरामागं चारा नाही, नुसता बोरीबाभळीचा पसारा. शेरडं दोन पानं ओढतात आणि उभी राहतात. तरी हा तिथंच भिंतीला टेकून बसतो. आज मी मागचं दार उघडलं तर हा मधल्या खोलीच्या खिडकीचा गज हलवून बघत होता.

मी ओरडले, "आबा, काय करताय?"

"गज ढिला हाय गं," म्हणाला. "सिमिट भरून घे."

गज ढिला आहे हे ह्याला कशाला बघायचं होतं? आणि किल्लीचं त्यानं विचारलेलं मला आठवलं. म्हातारा आहे, मान्य. पण म्हातारा माणूस दुसऱ्याला सांगू शकतो.

संध्याकाळच्या आत ह्यांच्याकडून गज पक्का करून घेतला.

८ डिसेंबर

आता त्यानं कुत्रं आणून बांधलं आहे. आमच्या मागच्या बाभळीला. काळं, मोठं, धनगरी कुत्रं. मी विचारलं तर म्हणतो, "धनगराच्या वाड्यावर कुत्री लई झालीत. हितं ऱ्हाऊ दे. भाकरीचा तुकडा टाकत जा."

अंजना म्हणाली, बरं झालं की, राखण होईल. तिला काय कळतंय. कुत्रं त्याचं. तो आला तर ते भुंकणार आहे का? चोर असंच करतात, आधी कुत्र्याची सवय लावतात.

तुकडा टाकते मी त्याला. उपाशी कसं ठेवणार. पण डोळ्याला डोळा देत नाही.

१४ डिसेंबर

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते.

शेजारच्या गावात भगवानरावांचं दूध संकलन केंद्र आहे. तिथं शॉर्टसर्किटनं आग लागली. अंजनानं सांगितलं, त्यांच्याकडंही अशीच हिरवी तिजोरी होती. ह्यांना न सांगता मी काळीपिवळी जीपनं गेले.

भगवानराव वयस्कर माणूस. जळक्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. मी कोण, कशाला आले, सांगितलं. त्यांनी उठून तिजोरीचं दार उघडून दाखवलं. बाहेरचा रंग काही ठिकाणी शाबूत. पिवळ्या पट्टीवरचं ‘२ तास’ अजून वाचता येत होतं. आतून मात्र चुलीचं तोंड असतं तसं काळं, आणि भिंतींवर वितळून ओघळलेलं काही तरी.

"आग लई येळ नव्हती," ते म्हणाले. "टँकर यायच्या आधीच पोरांनी विझवली. म्या म्हनलं, चला, कागुद तरी वाचले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर पापडावानी झालते. हात लावला की चुरा. लेकीच्या नर्सिंगच्या मूळ मार्कशीटा व्हत्या. नोकरीवर हजर व्हायचं व्हतं तिला."

त्यांची मुलगी भडक रंगाची ओढणी डोक्यावर घेऊन कोपऱ्यात राख चाळत होती. चाळण्यासारखं काही नव्हतं. तरी चाळत होती.

भगवानरावांनी विचारलं, "प्रविणकडूनच ना? म्या तक्रार करनार हाय. माझी तर जळाली. तो म्हनंल, आग मोठी व्हती. तुमची न जळलेली हाय, तिच्यात काय भरलंय ते दावता यील. तुमी याल का?"

मी म्हटलं, घरी विचारून सांगते. आणि पळून आल्यासारखी आले.

१६ डिसेंबर

प्रविण घरी आला. हे घरात होते. ह्यांनी त्याला खुर्ची दिली, मला चहा करायला सांगितला. मी चहा केला, कप त्याच्यापुढं ठेवला.

"वहिनी, भगवानरावाकडं गेल्तात म्हनं."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे फरशीकडं बघत होते.

प्रविण उठून तिजोरीपाशी गेला आणि म्हशीच्या पाठीवर थोपटतात तसं थोपटलं. "लई घरांचं सोनं हाय ह्याच्यात. कुनाकुनाचं ते मला समदं ठावं हाय. म्या अजून कुनाला बोललो न्हाई. लोकं चांगली नसत्यात, वहिनी. रस्त्यावरचं घर तुमचं." मग हसून ह्यांना म्हणाला, "रामकिसन, सांग की वहिनीला."

हे म्हणाले, "जाऊ दे ना, उज्ज्वला."

एवढंच. प्रविण गेल्यावर मी ह्यांना विचारलं, तुम्ही त्याला काही बोलला का नाहीत? तर हे न जेवता टेम्पो पुसायला गेले. मला वाटतं तेही घाबरले आहेत. माझ्यापेक्षा जास्त.

तो बसला होता तेवढा वेळ मागं कुत्रं सारखं भुंकत होतं. साखळी तुटते की काय वाटलं.

१७ डिसेंबर

आज केशरबाईला फोन केला. सकाळपासून तीनचारदा नंबर काढून परत ठेवला होता. दुपारी फडात जेवणाची सुट्टी असते म्हणून तेव्हा लावला. मागून बैलांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

सगळं सांगितलं. खूण खोटी, आत थर्माकोल, भगवानरावांचे कागद, प्रविण काय म्हणाला ते. मध्येच रडू आलं.

केशरबाई म्हणाली, "सामान हाय का जाग्यावर?"

"हाय."

"मग रडती कावून?"

"केशर, मला महिना होत आला कळून. मी सांगितलं नाही. तुम्ही काम टाकून याल असं वाटलं. आणि बभ्रा झाला तर..."

"आमाला येता न्हाई यायचं. मुकादम सोडंल का? समद्या जनींना म्या सांगते. त्या शिव्या देतील तुला. खा." पुढं म्हणाली, "पर तिथं तूच हायस. काय करायचं ते तूच कर. अन् भिऊ नको, आबाला म्या जातानाच सांगितलंय. घरामागं बसत जा म्हनलं, उज्ज्वला एकली बाई, नवरा गाडीवर. शेरडं उपाशी मरत्यात म्हनून रोज फोनवर कुरकुर करतंय म्हातारं. कुत्रं बांधलं ना त्यानं?"

बांधलं म्हटलं.

फोन ठेवून मागं गेले. आबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. मी त्याला चहा नेऊन दिला. साखर जास्त घातली. त्यानं कप घेतला, म्हणाला, "गज पक्का झाला का?"

१९ डिसेंबर

सुभद्राबाईंबरोबर आष्टीला बँकेत गेले. मॅनेजर मॅडम गटाच्या नावावर एक लॉकर देते म्हणाल्या, नुकताच एक मोकळा झाला आहे. सुभद्राबाईंनी मॅडमचे हात धरले.

आता तेवढं सगळं घरातून बँकेपर्यंत न्यायचं. तोच रस्ता. वाटेतल्या फाट्यावर प्रविणचं बसणं-उठणं.

ह्यांना सांगावं की नाही, ह्यावर मी आणि सुभद्राबाई बराच वेळ बोललो. शेवटी टेम्पो दुसरा कुणाचा घ्यायचा? सांगितलं. हे म्हणाले, "मी नेतो." पुढं काही नाही.

२३ डिसेंबर

पोचलं. सगळं पोचलं. आता लिहिते.

आज बाजार. आबा शेरडं विकायला नेतो असं गावाला सांगितलं. पुरचुंड्या सरकी पेंडीच्या पोत्यात तळाला घातल्या, कागद माझ्या अंगाला साडीच्या आत बांधले. मागं आबा, शेरडं आणि कुत्रं. पुढं मी, पोतं पायांत धरून, आणि हे.

गावाची वेस ओलांडली. समोरून येणारी प्रत्येक मोटारसायकल मला त्याचीच वाटत होती. घामानं ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, थंडीचे दिवस असून.

फाट्यावर हॉटेलापुढं प्रविण उभा होता. बरोबर अजून दोघं. त्यानं हात वर केला.

आणि ह्यांनी टेम्पो थांबवला.

मी म्हटलं, "थांबू नका. हो, थांबू नका." हे खाली उतरले. किल्ली गाडीलाच होती. माझ्या मनात काय काय आलं ते लिहायची लाज वाटते. मी पोत्यावर वाकून बसले, जशी काही माझ्या पाठीनं ते झाकलं जाणार होतं. मागं कुत्रं गुरगुरत होतं. आबानं काठी टेम्पोच्या पत्र्यावर आपटली, "रामकिसन! बाजार उठून जाईल की!"

काचेतून दिसत होतं. प्रविण हसत काही तरी विचारत होता. ह्यांनी खिशातून फोन काढला, त्याच्या हातात ठेवला आणि वळले. प्रविण मागून ओरडला. हे आले, बसले, गाडी सुरू केली. गिअर नीट पडत नव्हता.

बरंच पुढं गेल्यावर मी विचारलं, "फोन कशाला दिला?"

"त्याचाच व्हता."

"म्हणजे?"

"तिजोरी तुमच्या गटाच्या गळ्यात मारून दिली म्हनून दिलता त्यानं मला. पाडव्याला." मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "मला न्हाई ठावं व्हतं आत काय हाय ते. आईशपथ. पर आरोहीनं नंबर काढला तवा ठावं झालं, माल खोटा हाय. तवापासून ठावं हाय."

मला कळायला वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. ते चिडणं, ते फरशीकडं बघणं. मी ज्याला भ्यायचं त्याला भ्याले नाही, आणि बिचाऱ्या म्हाताऱ्याला खिडकीशी बघून ओरडले.

आष्टीला बँकेशी उतरल्यावर हे पोतं उचलायला आले. मी म्हटलं, "राहू द्या." सुभद्राबाई वाट बघत होत्या. मी आणि आबानं पोतं आत नेलं. हे बाहेर उन्हात उभे राहिले.

स्ट्राँगरूमच्या दारात मी मॅडमना विचारलं, "ह्याची परीक्षा झालेली आहे का?" त्या हसल्या. मग माझं तोंड पाहून हसायच्या थांबल्या आणि दाराच्या कडेला ठोकलेली पाटी दाखवली. मी नंबर उतरवून घेतला. आरोहीला पाठवला. तिचं उत्तर येईपर्यंत मी पोत्यावरून उठले नाही. बरोबर निघाला.

पुरचुंड्यांना पेंडीचा वास लागला आहे. चांदीचा वाळा मी सगळ्यात आत ठेवला.

३१ डिसेंबर

भगवानरावांना तक्रारीत साक्षीला येते म्हणून कळवलं. रिकामी तिजोरी सील करून ठेवली आहे, कुणी हात लावायचा नाही. खोलीत गेलं की अजून हात कमरेच्या किल्लीकडं जातो, आत काही नसताना.

ह्यांच्याशी कामापुरतं बोलते. काल म्हणाले, मीही येतो जबाबाला, फोनचं सांगतो. मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा.

दुपारी एक गाडी घरापुढं बराच वेळ उभी होती. काळ्या काचा. कुत्रं भुंकलं तशी गेली.

१२ जानेवारी

बीडला ग्राहक आयोगाच्या साहेबांपुढं जबाब झाला. खोली लहान. टेबलाच्या एका बाजूला भगवानराव, त्यांची मुलगी, हे, आरोही आणि मी. समोर प्रविण आणि त्याचा वकील. प्रविणनं मला नमस्कार केला, "कशा आहात वहिनी?"

आधी ह्यांनी सांगितलं. फोनचं. अडखळत, खाली बघत, पण सांगितलं. प्रविणचा वकील म्हणाला, ह्या माणसाचं बोलणं कशावरून खरं? हे म्हणाले, "खोटं बोलायचं असतं तर फोन ठिवला नसता का?" 

मग मी. साहेब विचारत गेले तसं सांगत गेले. पट्टीवर काय लिहिलं होतं, नंबर कुणाचा निघाला, आत बोटाला काय लागलं. प्रविण घरी येऊन काय म्हणाला ते सांगायची वेळ आली तेव्हा आवाजच फुटेना. सगळे वाट बघत होते. वकील म्हणाला, बाईंना आठवत नाही असं दिसतंय.

मला सगळं आठवत होतं. थोपटलेलंसुद्धा. प्रविण माझ्याकडं टक लावून बघत होता, आणि मला दिसत होतं ते आमचं रस्त्यावरचं घर, आणि काळ्या काचांची गाडी, आणि संध्याकाळच्या बसनं एकटी घरी येणारी आरोही.

साहेबांनी लिहिणं थांबवलं. "बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? भीती वाटते का? आज नको असेल तर पुढची तारीख देतो."

मी म्हटलं, "भीती वाटते, साहेब. पुढच्या तारखेलाही वाटेल. आजच घ्या लिहून." आणि सांगितलं, त्याच्याकडं न बघता, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडं बघत, शेवटपर्यंत.

जबाब मला वाचून दाखवला. सगळं बरोबर होतं. शेवटची ओळ साहेबांनी स्वतःहून घातली होती: जबाब देताना साक्षीदार बाई घाबरलेल्या होत्या, तरी त्यांनी जबाब पूर्ण दिला.

त्यांनी विचारलं, हे ठेवू की खोडू?

ठेवा म्हटलं, आणि खाली सही केली. वाकडी आली, पण नाव वाचता येतं.